शेवटचा खिळा

५ नोव्हेंबर

शिट्टीबाईंनी आम्हा पळणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, पळून आलं की दोन ओळी लिहायच्या. झोप कशी झाली, पाय काय म्हणतात, मन काय म्हणतं. मी वही आणली, पेन आणलं आणि पुठ्ठ्यावरच्या मांजराला मिशा काढत बसले. शाळेतही माझं असंच व्हायचं, म्हणून तर शाळेने माझा नाद सोडला.

तर. झोप बरी. पाय जागेवर. मन ठीक.

दोन ओळी झाल्या, पण पेन चालतंय तर चालू दे.

मला घरात भिंगरी म्हणतात. नाव दादाने ठेवलं, कारण मी पुरवलं. लहानपणी मी झोपेत उठून चालायचे. एकदा अंगणात सापडले, एकदा शेजाऱ्यांच्या जिन्यात. डोळे टक्क उघडे आणि मी ढाराढूर. मग आई ओढणीने माझा पाय स्वतःच्या पायाला बांधून झोपायला लागली. मोठी झाल्यावर ते थांबलं. दादा म्हणतो, थांबलं कुठे, आता जागेपणी भटकते. खोटं नाही. केस कापायचा कोर्स अर्धा केला, गाडी शिकायचा पाऊण, आणि साखरपुडा तर ठरलेल्या तारखेपर्यंतही पोचला नाही. या गावात उतरले कारण पुढच्या बसला उशीर होता आणि स्टँडसमोरच्या लॉन्ड्रीवर ‘माणसं पाहिजेत’ अशी पाटी होती.

लॉन्ड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात. ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून तापलेल्या रोलरमध्ये सारायची, पलीकडे दोघी घडी घालतात. दिवसभर पांढरं. घरी येऊन डोळे मिटले तरी पांढरंच. राहते शिलाईवाल्या मावशींच्या वरच्या खोलीत. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन किल्ल्या दिल्या, दोन्हींना निळ्या लोकरीचा गोंडा. एक माझ्याजवळ असते, दुसरी दारामागे अडकवलेली. “एक तू हरवणारच,” म्हणाल्या. ओळख ना पाळख, आणि माणूस बरोबर ओळखला.

पळणं असंच गळ्यात पडलं. सकाळी कामावर जाताना पंक्चरकाकांच्या सायकल दुकानापाशी ही मंडळी उभी दिसायची. एकदा ती पळाली, तर मीही मागोमाग पळाले, कामाच्या चपलांत, थेट कालव्यापर्यंत. कोणी हाकललं नाही.

त्यांची एक रीत आहे. दुकानाबाहेर पत्र्याखाली एक फळी ठोकलीय, तिच्यावर ओळीने खिळे. निघताना प्रत्येकाने घराची किल्ली आपल्या खिळ्यावर अडकवायची. परत आलं की ज्याची त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. फळीवर एक जरी किल्ली लटकत असली तरी कोणी घरी जायचं नाही. मागे राहिलेला आला की बसलेले म्हणतात, “आलास? बस आता.” तेवढंच. शाबासकी वगैरे भानगड नाही.

पहिल्या दिवशी मी रिकामा दिसला म्हणून अगदी कडेच्या, शेवटच्या खिळ्यावर किल्ली अडकवली. दातांचे डॉक्टर, ज्यांना सगळे दातवाले म्हणतात, ते बुटाची नाडी बांधता बांधता थांबले. पंक्चरकाका काही बोलणार होते, तेवढ्यात शिट्टीबाई म्हणाल्या, असू दे, नवीन आहे. तेव्हापासून तोच माझा खिळा.

जानेवारीत मोठी शर्यत आहे, बेचाळीस किलोमीटरची. मी नाव दिलंय. दादाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “तू? तू तर भांडणसुद्धा अर्धवट टाकून जातेस.” मी फोन ठेवून दिला. अर्धवटच.

हे एक मात्र मी पुरं करणार आहे.

९ नोव्हेंबर

झोप छान, पाय हलके. आज कालव्याच्या रस्त्याने दगडी खोलीपर्यंत गेलो. कालव्याचं पाणी सोडायची चाकं त्या खोलीत आहेत. दाराला कायम कुलूप, बाहेर एक ओटा. तिथून वळायचं. परतताना पाण्यावर ऊन होतं आणि आपल्याला पाय आहेत हेच मी विसरले. असं मला आजवर कशातच झालं नव्हतं.

शिट्टीबाई शाळेत खेळाच्या बाई होत्या. त्या निवृत्त झाल्या, गळ्यातली शिट्टी झाली नाही. लहानपणी पडल्यापासून माझा उजवा हात पळताना कोपरातून बाहेर फेकला जातो. बाई म्हणतात, कोंबडी एक पंख वाळवत निघालीय. दातवाले म्हणाले, तुला कोणी धुक्यातही ओळखेल. स्वतः पळताना तोंड इतकं उघडं ठेवतात की मी त्यांच्या सगळ्या दाढा पाहिल्यात. तसं सांगितलं तर म्हणाले, “मग तपासणीची फी किती झाली?”

१८ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही.

बाईंनी आखून दिलंय त्यात आठवड्यातून दोनदा आराम आहे. मी त्या दिवशीही पळते, काम सुटल्यावर, दुसऱ्या वाटेने. कोणाला सांगितलं नाही. थांबायची मला भीती वाटते. थांबणं मला फार छान जमतं, जन्मभर तेच केलंय. एकदा बसले की मी उठणार नाही.

झोप येते, पण झोपून उठल्यासारखं वाटत नाही. भूक लागते, आणि ताट समोर आलं की नको होतं. पाय म्हणजे ओल्या चादरी.

आज धुकं होतं. मी सगळ्यांच्या मागे पडले. दगडी खोलीवरून वळले आणि पाठीमागे पावलं ऐकू आली. कोणीतरी माझ्याच तालात पळत होतं, फक्त पाऊल जड. सोबत आहे म्हणून बरं वाटलं. मी हळू झाले, तेही हळू झालं. नाडी बांधायला वाकले तर तेही थांबलं, आणि धापा ऐकू यायला लागल्या. मी मागे न बघताच म्हटलं, जा पुढे, मी येते. पुढे काही गेलं नाही.

फळीपाशी पोचले तर सगळे बसलेले, फळीवर एकच किल्ली, माझी. आलीस? बस आता. मी म्हटलं, माझ्या मागे अजून एक जण आहे. दातवाले हसले. पंक्चरकाका हसले नाहीत, धुक्याकडे बघत राहिले.

नंतर एका सायकलची साखळी बसवताना त्यांनी सांगितलं. त्यांचा धाकटा भाऊ यांच्यातच पळायचा, खूप वर्षांपूर्वी. तेव्हा ही फळी नव्हती. एके दिवशी सगळे परत आले आणि आपापल्या घरी गेले. प्रत्येकाला वाटलं, तो दुसऱ्या कोणाबरोबर असेल. दुपारी दगडी खोलीच्या ओट्यावर सापडला. बसलेला. मुठीत घराची किल्ली. हृदय बंद पडलं होतं. “दमलो, असं तो कधी म्हणायचाच नाही,” काका म्हणाले. फळी त्यांनी त्यानंतर ठोकली. शेवटचा खिळा त्याचा म्हणून मोकळा ठेवला होता.

म्हटलं, मी बदलते खिळा. तर म्हणाले, नको, रिकामा बघून बघून डोळे दुखायचे.

२७ नोव्हेंबर

आज एका पायात बूट घालून बसले ती दुसरा घालेपर्यंत ऊन खोलीत आलं. काही विचार करत नव्हते, बुटाकडे बघत होते. रडू नाही, राग नाही, काहीच आलं नाही. मला पळण्याचा वीट आलाय. लिहिलं खरं, आता खोडत नाही.

दुपारी रोलरपाशी उभ्या उभ्या डोळा लागला. चादर अडकली आणि करपली. मुकादम म्हणाला, तुझं लक्ष कुठे हिंडायला गेलंय, त्याला जरा बोलावून घे.

संध्याकाळी शिट्टीबाई खोलीवर आल्या. माझं मनगट धरून, घड्याळाकडे बघत नाडी मोजली. मग कामाचं विचारलं. मी चादरीचं सांगितलं. म्हणाल्या, “कापड वाईट नसतं गं. इस्त्री एका जागी ठेवून दिली की कोणतंही करपतं.” माझं चोरून पळणं त्यांना ठाऊक होतं. आता सगळं बंद. पळायचं नाही, भरभर चालायचं नाही, त्या सांगेपर्यंत माझी किल्ली फळीवर दिसता कामा नये. मी शर्यतीचं विचारलं तर म्हणाल्या, शर्यत पुढच्या वर्षीही आहे, तूही असायला हवीस.

त्या गेल्यावर बूट माळ्यावर टाकले. टाकून तशीच स्टुलावर उभी राहिले. सुटले म्हणून की हातचं गेलं म्हणून, कळलं नाही. दादाला सांगितलेलं नाही. एक पुरं करणार होते, तेही राहिलं.

२९ नोव्हेंबर

आराम. इतकी झोपले की मावशींना दार वाजवावं लागलं. आणि उठले ती आणखी दमून, पोटऱ्यांचे दगड झालेले. बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, होतं असं, गाडी उभी केल्यावरच कळतं इंजिन किती तापलंय ते.

मावशी तणतणत होत्या. म्हणे, उजाडायच्या आत धपधप जिना उतरलीस, माझ्या शिलाई मशीनवरचा दिवा हलला. मी म्हटलं, मी नव्हे, समोरच्या खोलीतला पेपरवाला असेल. माझा पिवळा टीशर्ट दोरीवर ओला होता. म्हटलं, कशाला धुतलात, उगाच त्रास. तर म्हणाल्या, मला माझे कपडे धुवायला होत नाहीत, तुझे कुठे धुऊ. केलेलं कबूल करायचं नाही, असा स्वभाव आहे. प्रेमळ आहेत.

४ डिसेंबर

दातवाले दवाखान्याचे नॅपकिन टाकायला लॉन्ड्रीत आले आणि माझ्याशी बोलेचनात. मी खोदून विचारलं. म्हणाले, काल पहाटे कालव्यावर इतक्या हाका मारल्या, मान वळवली नाहीस, एवढा कसला शिष्टपणा. मी म्हटलं, मी घरी झोपले होते. त्यांना वाटलं बाईंच्या धाकाने खोटं बोलतेय.

“पिवळा टीशर्ट आणि तो पंख,” म्हणाले. “मला शिकवतेस? आणि बूट कुठे टाकलेस? अनवाणी पळत होतीस.”

म्हणजे ती मी नव्हेच. मला बूट आहेत, चांगले माळ्यावर आहेत. गावात माझ्यासारखी पळणारी दुसरी कोणी आहे. मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू. मी इथे पोटऱ्या चोळत पडलेय आणि ती माझ्या रस्त्यावर, माझ्या पद्धतीने पळतेय. कशी पळत होती, मी विचारलं. दातवाले म्हणाले की चांगली नाही, थकलेली. पण थांबेल असं वाटलं नाही.

येताना पंक्चरकाका भेटले. त्यांनीही विचारलं, बाईंनी परवानगी दिली का. मधूनमधून पहाटे शेवटच्या खिळ्यावर किल्ली दिसते, म्हणाले, मी चूळ भरून बाहेर येईपर्यंत नाहीशी होते. मी म्हटलं, असेल दुसऱ्या कोणाची. “त्या खिळ्यावर दुसरं कोण अडकवणार?” एवढं म्हणून तोंडाकडे बघत राहिले. चेहरा पांढरा दिसला. मला हल्ली सगळंच पांढरं दिसतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

टाचांना फोड आलेत. नव्या स्लिपर चावतात.

१० डिसेंबर

तिला एकदा बघायचंच ठरवलं. गजर लावून उठले आणि पुलावरच्या बाकावर जाऊन बसले, शाल गुंडाळून. पुलाखालून कालव्याचा रस्ता जातो. धुकं दाट. एक मांजर आलं, हुबेहूब वहीवरचं, फक्त मिशा त्याच्या स्वतःच्या. त्याच्याशी गप्पा मारत बसले. मग खाली पावलं वाजली. जड पावलं, त्या दिवशीचीच. तिची नव्हेत, तिची हलकी असणार. मी कठड्यावरून वाकले.

आणि मग ऊन तोंडावर होतं. डुलकी लागली असणार. पुलावर बसले होते असं मला वाटत होतं, पण जागी झाले तेव्हा दगडी खोलीच्या ओट्यावर होते. धुक्यात बाक काय आणि ओटा काय, कळतंय कुठे. आधीच तिकडे गेले असेन. एवढ्या थंडीत अंग घामाने थबथबलेलं. ताप आला असेल आणि उतरला असेल. मूठ इतकी आवळलेली की उघडायला दुसरा हात लावावा लागला. आत किल्ली.

शाल येताना पुलावरच्या बाकावर सापडली. व्यवस्थित घडी घातलेली, चारही कोपरे जुळवून, आम्ही लॉन्ड्रीत घालतो तशी. गावात नीटनेटकी माणसं आहेत म्हणायची.

तिला बघायचं राहिलंच.

१४ डिसेंबर

सकाळी जाग आली तर खोलीचं दार सताड उघडं. मावशींची बोलणी खाल्ली, कामावर गेले.

दुपारी पंक्चरकाका लॉन्ड्रीत आले. हे कधी दुकान सोडत नाहीत. रोलरच्या आवाजात मला आधी ऐकूच येईना.

“फळीवर किल्ली आहे,” म्हणाले. “पहाटेपासून. कोणी घरी गेलेलं नाही.”

मी एप्रनच्या खिशातून माझी किल्ली काढून दाखवली. ते गोंड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, तरी चल.

दुकानापुढे शिट्टीबाई उलट्या बादलीवर बसल्या होत्या, दातवाले एका टायरवर. दातवाले फोनवर कोणाला तरी सांगत होते की दाढ उद्या काढू, आजच्या दिवस दुसऱ्या बाजूने खा. शेवटच्या खिळ्यावर किल्ली होती. निळ्या लोकरीचा गोंडा. मी म्हटलं, मावशी सगळ्याच भाडेकरूंना असे देत असतील. बाईंनी मला चपला काढायला लावल्या आणि तळवे बघितले. वाळलेली माती होती, भेगांमध्ये रक्त. मी म्हटलं, आमचा जिना झाडलेला नसतो.

बाई उठल्या. “चल,” म्हणाल्या. “बाहेर एक जण राहिलीय. तिला घेऊन येऊ.”

आम्ही चौघं कालव्याच्या रस्त्याने चालत गेलो. हळू, माझ्या पावलाने. भरदिवसा धुकं उतरलेलं. बाई मधूनमधून शिट्टी वाजवायच्या आणि थांबून ऐकायच्या. मग मला म्हणाल्या, तू हाक मार. काय नावाने मारू, मी विचारलं. तुझ्याच नावाने मार, म्हणाल्या, ती तुझ्यासारखीच दिसते ना.

भिंगरी, भिंगरी, असं मी धुक्यात ओरडत होते. वेड्यासारखं वाटत होतं. स्वतःचं नाव इतक्या वेळा उच्चारलं की ते दुसऱ्याचं वाटायला लागतं. दगडी खोलीजवळ आलो तेव्हा समोरून पावलं आली. जड, थकलेली. आमच्याकडे येत होती. मग थांबली. दातवाले आणि बाई चालतच राहिले. पंक्चरकाकांनी मात्र माझा दंड धरला, दुखेल इतका घट्ट.

ओट्यावर कोणी नव्हतं.

परत आलो. बाई फळीकडे बघून म्हणाल्या, काढ. मी म्हटलं, माझी नाही. मी गेलेच नव्हते तर मी कशी काढू? ज्याची त्यानेच काढायची, तुमचाच नियम आहे. माझा आवाज चढला होता. सगळे आपापल्या जागी बसले. मीही बसले.

ऊन कलून दुकानाच्या मागे गेलं. दातवाल्यांची बायको डबा घेऊन आली, काय चाललंय हे न विचारता ठेवून गेली. बाईंनी स्वेटर घातला. काकांनी आतून सतरंजी आणली, गोधडी आणली, ओळीने अंथरायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही माणसं खरंच इथे बसून राहणार आहेत. उद्याही. वेडी माणसं. मला दातवाल्यांची कीव आली, त्यांची कुठलीशी दाढ खोळंबली होती. म्हटलं, जाऊ दे, कोणाची का असेना, काढून टाकते.

किल्ली गरम होती. लोकर ओली, हातात फार वेळ धरल्यासारखी.

“आलीस?” बाई म्हणाल्या. “बस आता.” मग दातवाले म्हणाले, मग काका. तिघंही अगदी हळू.

सतरंजीवरच बसले आणि रडायला लागले, मुलं मार खाल्ल्यावर रडतात तशी, आवाज करून. किती दिवसांनी. मी कुठे गेले होते, मी विचारलं.

लांब, बाई म्हणाल्या.

२२ डिसेंबर

झोप. झोप. झोप.

मावशींनी शिलाईची पट्टी आणलीय. एक टोक माझ्या घोट्याला, दुसरं जिन्यावरून खाली त्यांच्या कॉटला, मध्ये छोटी घंटा. सुरुवातीला घंटा वाजायची आणि त्या बडबडत वर येऊन मला वासरासारखी वळवून परत झोपवायच्या. आता वाजत नाही. दारामागची दुसरी किल्ली त्यांनी काढून घेतली.

बाई मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ते म्हणाले, माणूस असा पार करपला की लहानपणीची सवय डोकं वर काढू शकते. तेव्हा ती मुलगी मीच. तिच्याबद्दल वाटलेला मत्सर परत घेते. बिचारी अनवाणी पळत होती.

दादाला सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आईची ओढणी पाठवू का?” मी म्हटलं, शर्यत पळणार नाही. त्या दिवशी फळीपाशी बसणार, सगळे परत येईपर्यंत. तो म्हणाला, तू, एका जागी, शेवटपर्यंत? त्यापेक्षा बेचाळीस किलोमीटर सोपे गेले असते.

एक गोष्ट मात्र यात बसत नाही, आणि ती मी डॉक्टरांना सांगितली नाही. नोव्हेंबरात धुक्यात पहिल्यांदा पावलं ऐकली तेव्हा मी लख्ख जागी होते. आणि त्या दुपारी समोरून आली तेव्हा तर मी या सगळ्यांच्या मध्ये उभी होते.

काकांना विचारलं, तुम्ही माझा दंड का धरलात. म्हणाले, पाय घसरला.

११ जानेवारी

शर्यत झाली. पहाटेच सगळ्यांनी किल्ल्या अडकवल्या. पंक्चरकाका गुडघ्यामुळे पळत नाहीत, त्यामुळे आम्ही दोघं. बसले. मांजर आलं, गेलं. स्टँडवर एक बस लागली, पाटीवर मी कधी न ऐकलेल्या गावाचं नाव होतं, आणि माझे पाय आपोआप उठले. मी त्यांना परत बसवलं. दादाचा फोन आला, अजून तिथेच आहेस का. आहे म्हटलं. थोड्या वेळाने परत आला. अजून?

दुपारी दातवाले आले, तोंड उघडं टाकून, गळ्यात पदक. आलात? बसा आता. अगदी शेवटी शिट्टीबाई, जवळजवळ चालत. त्यांनी आपली किल्ली काढली. फळी मोकळी झाली. सगळे उठले, कपडे झटकायला लागले.

मी बसूनच होते. दातवाले म्हणाले, चल की, कोणी राहिलं नाही. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी थांबते जरा. का ते मला सांगता येईना. म्हटलं, काकांच्या भावाच्या वेळी पण सगळ्यांना असंच वाटलं होतं ना, कोणी राहिलं नाही म्हणून.

पंक्चरकाका उठले. मग आत गेले. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला, बराच वेळ काही तरी शोधल्याचा. बाहेर आले तेव्हा हातात गंजलेली किल्ली होती. त्यांनी ती शेवटच्या खिळ्यावर अडकवली.

बाई परत बादलीवर बसल्या. दातवाले टायरवर बसले आणि पदक काढून खिशात ठेवलं.

संध्याकाळ होत आली, धुकं रस्त्यावर उतरलं. मी जमिनीकडे बघत होते, सगळेच बघत होते. आधी खूप लांबून आलं ते. जड पाऊल, फरफटत, पण ताल धरून. कालव्याकडून वळलं. दुकानाच्या बाजूने आलं. पत्र्याखाली येऊन थांबलं, माझ्या अगदी जवळ. धापा ऐकू येत होत्या. काकांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. ते पुन्हा प्रयत्न करत होते आणि होत नव्हतं.

म्हणून मीच म्हटलं. वर न बघता, जसं म्हणतात तसं.

“आलास? बस आता.”

धापा हळूहळू कमी झाल्या. फार वेळ लागला. मग फळीवर बारीक काही वाजलं, खिळ्यावरून लोखंड सरकल्यासारखं.

मी मान वर केली. फळीवर काही नव्हतं.

मग आम्ही सगळे घरी गेलो.